घोडीच्या सुट्टीचं जेवण

आमच्या घरी सोमवार हा घोडीच्या सुट्टीचा दिवस. शनिवार-रविवारी दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी दुपारपर्यंत गाड्या एकेक करून परतीला लागतात. त्या दिवशी बाबा घोडीवर खोगीर चढवत नसत. सकाळी खरारा करून तिला माडाच्या सावलीत बांधायचं आणि परसातल्या चुलीवर मोठा टोप चढवायचा. टोपात हरभरे. ते मऊ शिजले की त्यात गव्हाचा कोंडा आणि वर मुठीएवढा गुळाचा खडा फोडून. वास आला की घोडी पुढचा पाय आपटायला लागे. बाबा म्हणत, "थांब गो बाय. निवू दे. तुझंच आहे."

बाबा मलाही बायच म्हणतात. त्यांनी हाक मारली की आम्ही दोघी मान वळवायचो, याची घरात चेष्टा होत असे.

त्या सुट्टीच्या जेवणाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्या जेवणापायी आमची घोडी हातची जायची वेळ आली होती.

आमचं घर मासेमारीचं. आजोबा, काका, बाबा सगळे बोटीवर. बोटीवर असताना माणूस मिळेल ते खातो, कधी नुसता भात आणि सुकी मासळी. पण ज्या दिवशी तो घरी बसतो, त्या दिवशी त्याच्या ताटात सगळ्यात मोठी तुकडी पडते. भूक आहे का, हे कुणी विचारत नाही. राबून आलेल्या माणसाला विसाव्याच्या दिवशी पोटभर वाढायचं, हीच त्याला दिलेली शाबासकी. "दमलास" किंवा "बरं केलंस" असं आमच्याकडे तोंडाने कुणी म्हणत नाही. ते ताटात वाढतात.

मी प्राथमिक शाळेत असताना जाळं ओढायच्या यंत्राच्या दोरात बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोर धरता येईना, तेव्हा बोटीवरचं काम सुटलं. घरी बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या सुमारास किनाऱ्यावर पर्यटक वाढू लागले होते. बाबा घाटावर गेले आणि एका टांगेवाल्याकडून ही तांबूस घोडी घेऊन आले. तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. कपाळावर पांढरा ठिपका. बंदरावरच्या माणसांनी बाबांना सोडलं नाही. "काय रे, वल्ही कुठं बसवलीस घोडीला?" "वारा पडला की शीड लावतोस काय?" बाबा हसत. घोड्याचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. टांगेवाल्याने एवढंच सांगितलं होतं की कामाच्या जनावराला हरभरा आणि गूळ कमी पडू द्यायचा नाही. बाकीचं त्यांनी आपल्या घरातून घेतलं. राबणाऱ्याला विसाव्याच्या दिवशी जास्त वाढायचं, तसं घोडीलाही वाढायचं.

त्या घोडीच्या पाठीवर माझं शिक्षण झालं. काकू हे चेष्टेने म्हणते, पण ते खरंच आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आता देवरूखला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पदवीचा तो काळ्या झग्यातला फोटो घरी आला, तेव्हा बाबांनी तो आधी घोडीला दाखवला आणि मग आईला. आई तो राग अजून काढते.

गोष्ट तशी अलीकडची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. एका मंगळवारी मधल्या सुट्टीत आईचा फोन आला.

"गो बाय, घोडी उभी राहिलीय. पाऊल टाकत नाय."

"दमली असेल, आई."

"दमली तर बसेल ना? ही घामानं निथळतेय आणि उभीच. बाबा तिच्याशेजारी उभे. मी इकडे उभी. आता तू सांग."

आमच्या घरात काहीही अडलं की शेवटी "तू सांग" असतं. शिकलेल्या मुलीला सगळं माहीत असतं, असा त्यांचा विश्वास. बँकेचा फॉर्म असो की घोडीचा पाय. मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून चिपळूण, खेड, दापोली करत दुपारी घरी पोहोचले.

काय झालं ते बाबांनी सांगितलं. रविवारी किनाऱ्यावर खूप गर्दी होती, घोडी दिवसभर राबली. सोमवारी सुट्टी, सुट्टीचं जेवण. मंगळवारी सकाळी एका कुटुंबातली लहान मुलगी पाठीवर बसली. थोडं अंतर गेल्यावर घोडीची पावलं आखूड पडायला लागली, मग ती थांबलीच. मागून कुणीतरी म्हणालं, "नाटकं करते, चाबूक दाखवा." बाबांकडे चाबूक कधी नव्हताच. त्यांनी मुलीला उतरवून तिच्या आईकडे दिलं आणि घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"जांभ्या दगडावर हात ठेवल्यासारखं गो," बाबा म्हणाले. "मांस नव्हतंच ते. चिराच."

मग तिला लघवी झाली, ती आमसुलं भिजवलेल्या पाण्याच्या रंगाची. ते बघून बाबा घाबरले. दर्यावर वादळ बघितलेला माणूस.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते. वेदना कमी व्हायची सुई, सलाइन, आणि दोन दिवस जागची हलवू नका असं सांगून. मी पोहोचले त्या दिवशी ते पुन्हा आले. तरुण होते, साताऱ्याकडचे. मला म्हणाले, "ताई, खरं सांगतो. मी गाई-म्हशी बघतो, शेळ्या, कुत्री बघतो. घोड्यांचं मी शिकलोय, पण हाताखालून फार गेलेले नाहीत. मी कॉलेजातल्या माझ्या बाईंना विचारलंय. त्या आता निवृत्त आहेत, पण त्यांचं आयुष्य घोड्यांत गेलं. तुमच्यासमोरच फोन लावतो."

न कळणारी गोष्ट कळत नाही म्हणून सांगणारा माणूस मला त्या दिवशी फार मोठा वाटला. आम्ही शिक्षकसुद्धा वर्गात तसं सहसा सांगत नाही.

आई मासे विकायला नेते त्या पाटीला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई दिसल्या. त्यांनी घोडी बघितली, दोन-चार प्रश्न डॉक्टरांना इंग्रजीत विचारले. मग मराठीत बाबांना म्हणाल्या, "दादा, हिला सोमवारी काय काय खायला घातलंत?"

बाबांचा चेहरा तेवढ्यात जरा उजळला. हे त्यांना सांगता येण्यासारखं होतं. "सोमवारी तिची सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही कमी पडू देत नाय. दोन शेर हरभरे शिजवून, कोंडा आणि गूळ. चांगला घट्ट गूळ. वर पेंढा आहेच."

"आणि कामाच्या दिवशी?"

"अर्धंच. कामात कुठं खाणार ती?"

बाईंनी समजावून सांगितलं. घोड्याच्या स्नायूत साखर साठते, चालताना ती जळते. काही घोड्यांच्या स्नायूत ती जरा जास्तच साठते आणि नीट जळत नाही. हरभरा, गूळ, धान्य, सगळ्याची शेवटी साखरच होते. त्यातून जनावर एक दिवस जागेवर बांधलेलं आणि खाणं दुप्पट, दुसऱ्या दिवशी एकदम काम. मग स्नायू आखडतात, आतून फाटतात, आणि त्यातला रंग लघवीतून बाहेर येतो. "पूर्वी टांग्यांची घोडी रविवारी सुट्टी आणि भरपूर दाणा खाऊन सोमवारी अशी उभी राहायची. म्हणून याला सोमवारचा आजारच म्हणायचे."

"आमचा मंगळवारचा," बाबा म्हणाले. मग एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे मी घातलं म्हणून झालं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्ही प्रेमानं घातलंत. खूप जण घालतात."

बाबा उठून घोडीजवळ गेले. तिने सवयीने त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला तोंड लावलं. त्या खिशात कायम गुळाचा एक खडा असे.

त्या संध्याकाळी काका आले. बाबांपेक्षा थोरले, बोट अजून त्यांच्याकडे आहे. बोलायला कडक. ओटीवर बसून म्हणाले, "हे बघ, पोर पडलं नाय हे नशीब. पुढच्या वेळी पडलं तर? लोक पोरं तुझ्या भरवशावर बसवतात." ते खोटं नव्हतं. शिमग्यानंतर घाटावरचा एक व्यापारी किनाऱ्यावरचे घोडे बघायला येतो. काकांचं म्हणणं होतं की घोडी त्याला देऊन टाकावी. आजारी घोडी घेऊन तो काय करतो, हे कुणी विचारत नाही.

बाबा म्हणाले, "शिमग्यापर्यंत थांब. तोवर परत असं झालं तर तू म्हणशील तसं."

"शब्द?"

"शब्द."

मला आठवतं, आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलेलं सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि घोडीच्या खोपीत बांबूला लावलं. माडाच्या झापांची ती खोप, आत वर्गातल्यासारखा तक्ता. हरभरा बंद. गूळ बंद. पेंढ्याऐवजी डोंगरमाथ्याच्या सड्यावरचं चांगलं वाळलेलं गवत, तेही रोज वजन करून, तासभर पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून. ताकदीसाठी तेल, दोन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू रोजची वाटीभर. मीठ दोन चमचे. डॉक्टरांनी दिलेली ई जीवनसत्त्वाची पूड. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पूर्ण सुट्टी एकही दिवस नाही. बरं वाटल्यावर रोज थोडं चालवायचं, सोमवारीसुद्धा.

गवत आईच्या मासे तोलायच्या ताणकाट्यावर तोललं जाऊ लागलं. भिजवलेलं गवत पाटीत निथळायला ठेवलं की परसात मासळीचा आणि गवताचा असा मिसळून वास येई. घोडीने पहिले दोन दिवस तोंड फिरवलं, मग खायला लागली. तेल बघून काकू म्हणाली, "घोडीला आता फोडणी पण? मोहरी टाकू काय वरून?" शेजारची म्हातारी बाबांना रस्त्यात थांबवून बोलली, "मेल्या, मुक्या जनावराला उपाशी मारतोस. देव बघतो." बाबांनी तिला साखरेचं सगळं समजावून सांगितलं. मी फोनवर ते ऐकून हसले, कारण त्यांनी बाईंचे शब्द जसेच्या तसे पाठ केले होते.

मी देवरूखला परतले. रोज संध्याकाळी बाबांचा फोन येई आणि तो नेहमी सारखाच असे. "चालवून आणली. गवत खाल्लान. तेल संपवलान." एकदा मात्र जरा थांबून ते म्हणाले, "अजून खिसा हुंगते गो. रोज हुंगते. तिला वाटत असेल, आपली काय चूक झाली म्हणून बंद झालं."

परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, असं सांगून मी फोन ठेवला.

डिसेंबर चांगला गेला. पुठ्ठे मऊ झाले, लघवी स्वच्छ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि हलक्या कामाला परवानगी दिली. बाबा फक्त लहान मुलांना बसवत, आणि आधी अर्धा तास रिकामी चालवून आणत.

जानेवारीच्या शेवटी केळशीला आत्याच्या घरी लग्न होतं. बाबा गुरुवार-शुक्रवार तिकडे गेले. घोडी दोन दिवस खोपीतच राहिली, कारण आईला घोडी चालवायला जमत नाही, तिचा दिवस पाटी आणि मासे यातच जातो. शनिवारी सकाळी बाबांनी घोडी किनाऱ्यावर काढली. मी आदल्या संध्याकाळी आले होते, मीही बरोबर गेले. पाठीवर कुणी नव्हतं. पन्नासेक पावलांवर मागचा पाय ओढला गेला. मग दुसरा. मग ती थांबली, आणि मानेवर घाम दिसायला लागला.

पहिल्यापेक्षा कमी होतं ते, पण तेच होतं. किनाऱ्यावरचे उंटवाले, घोडेवाले जमले. आणि मी, जिने आयुष्यभर बाबांच्या आवाजापेक्षा वर आवाज नेला नव्हता, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, गूळ दिलात ना?"

"नाय गो."

"मग हे कसं झालं? केळशीहून आल्यावर दिलात. लग्नातलं काही दिलंत. मी एवढं मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. वाचता येत नाही का तुम्हाला?"

बाबा चौथीपर्यंत शिकलेत. मला हे माहीत होतं आणि तोंडातून ते गेलंच. बाबांनी तीन बोटांच्या हाताने सदऱ्याचा खिसा धरला आणि उलटा करून बाहेर काढला. आत काहीच नव्हतं. शिवणीत अडकलेला थोडासा दोरा.

त्या दिवशी डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. काका येऊन घोडी बघून गेले. "शब्द आठवतोय ना," एवढंच म्हणाले, तेही हळू. बाबांनी मान हलवली.

रविवारी सकाळी मी मागच्या दारी पायरीवर बसले होते. आईने नेहमीप्रमाणे पेजेचा टोप बाहेर आणला. उकड्या तांदळाची पेज, दाट, वर गरम वाफ. माझ्या वाडग्यात ओतली, बाजूला सुक्या जवळ्याची चटणी ठेवली. मग टोप तसाच उचलून ती खोपीकडे गेली आणि उरलेली पेज घोडीच्या बादलीत ओतली. अर्धी बादली भरली. घोडीने तोंड खुपसलं आणि एका दमात प्यायला लागली.

आईने हे काही लपवून केलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर केलं होतं.

"आई, हे काय?"

"काय?"

"ही पेज. हिला रोज देतेस?"

"मग? ती काय उपाशीपोटी कामाला जाणार?"

"किती वर्षं?"

"आली तेव्हापासून. आता हरभरा बंद, गूळ बंद, म्हणून मी तांदूळ जरा जास्त घालते. बाबा केळशीला होते ते दोन दिवस बिचारी एकटीच बांधलेली, तर शिळा भात पण कालवला त्यात."

"अगो पण आई, तो तक्ता..."

"तक्त्यावर खाणं लिहिलंयस ना तू? ही तर पेज आहे. पेज काय खाणं आहे थोडंच?"

मी वाडगा हातात घेऊन तशीच बसले. आई चुकीचं काहीच बोलत नव्हती. आमच्याकडे पेज जेवणात धरतच नाहीत. रोज सकाळी मी ती पिऊन शाळेला जायची, आणि दहाच्या सुमारास वर्गात बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाऊन आलात?" तर मी सांगायची, "काही नाही." मला ते खोटं वाटायचं नाही. आणि आता मी स्वतः दरवर्षी वर्गात भाताच्या पेजेवर आयोडीनचे थेंब टाकते. ती निळी-काळी होते. मुलं "ओ" करतात. मी फळ्यावर लिहिते, पिष्टमय पदार्थ. त्याची साखर होते, हेही त्याच तासाला सांगते. तीच मी, घोडीचा आहार लिहायला बसले तेव्हा मला पेज आठवली नाही. डॉक्टरांच्या बाईंनी बाबांना विचारलं, तेव्हा बाबांना आठवली नाही. आमच्या घरातल्या कुणालाच ती आठवणार नव्हती, कारण ती कायम तिथेच असते.

आईला सांगितलं. तिने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मी पण..." म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

बाबा किनाऱ्यावर होते, काढून ठेवलेल्या खोगिराचा पट्टा शिवत. मी त्यांच्याजवळ वाळूत बसले. पेजेचं सगळं सांगितलं. दोरा दातात धरून ते ऐकत होते.

"बाबा, माझं चुकलं. काल जे बोलले ते."

"तू लिहिलंस ते बरोबरच होतं गो."

"अपुरं होतं."

"मग पुरं कर." त्यांनी दोरा तोडला. थोड्या वेळाने, पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाले, "वाचता येतं मला. हळू येतं, एवढंच."

आम्ही घरी आलो तर आई चुलीपुढे बसली होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि अगदी डॉक्टरांच्या सुरात म्हणाले, "तू प्रेमानं घातलंस. खूप जण घालतात." आईने फुंकणी उचलून त्यांच्यावर उगारली, आणि रडता रडता हसली.

काकांकडे बाबा स्वतः गेले. शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. जे घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं, पेजेसकट. काका ऐकून म्हणाले, "आमच्याकडे तर कुत्रं पण पेज पितं." मग म्हणाले, "शिमग्यानंतर व्यापारी येईल. तोवर मी बघतो काय होतं ते." शब्द त्यांनी थोडा सैल केला, पण सोडला नाही.

तक्त्यावर मी एक ओळ वाढवली. पेज नाही. भात नाही. ती ओळ आईने मला दोनदा वाचायला लावली. आणि मग तिने डॉक्टरांना फोनवर जे विचारलं ते मी विसरणार नाही. "सगळं बंद केलंत, ठीक आहे. पण तिच्या सुट्टीला मी देऊ काय, ते सांगा. काहीतरी सांगा."

डॉक्टरांनी बाईंना विचारून सांगितलं, हिरवं गवत द्या. एक भारा. ई जीवनसत्त्व त्यात ताजं असतं, पावडरीपेक्षा बरं. फक्त एकदम नको, हळूहळू.

त्या दिवसांत हिरवं गवत कुठे? सडा वाळून पिवळा झालेला. पण वहाळाच्या ओढ्यापलीकडे एका ओळखीच्यांची माडांची बाग आहे, तिथल्या पाटाच्या कडेला गवत बारा महिने हिरवं असतं. बागवाल्यांनी आनंदाने होकार दिला, त्यांचं गवत कापायचं काम वाचलं. तेव्हापासून सोमवारी सकाळी बाबा घोडीला हाताने धरून, खोगिराशिवाय, बागेपर्यंत चालवत नेऊ लागले. अर्ध्या तासाची वाट. तिथे बसून तीन बोटांनी विळा धरून गवत कापायचं, भारा तिच्यासमोर टाकायचा, तिने खाल्लं की परत चालत घरी. सुट्टीच्या जेवणासाठी घोडीला चालत जावं लागे, त्यामुळे तिची पूर्ण सुट्टीही होत नसे. बाबांना यात फार गंमत वाटे. "आता जेवायला बाहेर जातो आम्ही," ते किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत.

शिमगा आला. पालखी आमच्या वाडीत नाचली. दर वर्षी त्या दिवशी घोडीच्या तोंडापुढे प्रत्येक घरातून काहीतरी यायचं, पुरणपोळी, खोबरं-गूळ, भजीसुद्धा. या वर्षी बाबा तिच्यासमोर उभे राहिले ते पालखी पुढच्या वाडीत जाईपर्यंत हलले नाहीत. "नको गो वहिनी, पथ्य आहे." "नको रे, देवाला दाखव, तिला नको." कुणीतरी म्हणालं, "काय रे, घोडीला साखर झालीय काय?" बाबा म्हणाले, "झालीय समज." मी रजा काढून आले होते, ते सगळं ओटीवरून बघत होते. शेजारची म्हातारी पुरणपोळी घेऊन आली आणि बाबांकडे रागाने बघून ती पुरणपोळी माझ्याच हातात दिली. "तू तरी खा. तुला कुणी पथ्य घातलं नाय ना?"

आठवड्याने व्यापारी आला. काका त्याला घेऊन आले. जानेवारीनंतर घोडी एकदाही अडली नव्हती. व्यापाऱ्याने तिला चालवून बघितलं, पळवून बघितलं, पुठ्ठे दाबले, तोंड उघडून दात बघितले. "चांगली आहे की. तुम्ही आजारी म्हणत होतात. देता?"

बाबा काकांकडे बघत होते. शब्द काकांना दिलेला होता, उत्तरही त्यांनीच द्यायचं होतं. काकांनी घोडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"द्यायची नाय," ते म्हणाले. "बघायला बोलावलं होतं तुला."

व्यापारी वैतागून चहा घेऊन निघून गेला. काकांनी बाबांना बजावलं, मोठी माणसं बसवायची नाहीत, दुपारच्या उन्हात काढायची नाही, आणि एकदा जरी पाय ओढला तरी मला सांगायचं. बाबांनी सगळ्याला हो म्हटलं. डॉक्टरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "बरी झाली म्हणू नका. हे बरं होत नसतं. सांभाळली म्हणा, आणि सांभाळत राहा." मला ते पटलं. तक्ता अजून खोपीत आहे. दमट वाऱ्याने अक्षरं पुसट झाली तेव्हा बाबांनी त्यावर स्वतः पेन फिरवलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते. सोमवार होता. बाबा दोर आणि विळा घेऊन घोडीजवळ गेले. तिने सदऱ्याच्या खिशाला तोंड लावलं. इतक्या महिन्यांनंतरही. मला वाटलं, ते तिचं तोंड बाजूला करतील. त्यांनी खिसा उलटा करून तिच्यासमोर धरला. तिने नीट हुंगला, नाकाने फुर्र केलं आणि मान वर घेतली.

"बघू दे तिला," बाबा म्हणाले. "रोज दाखवतो मी. तिलाही कळायला हवं ना, लपवत नाय म्हणून."

मग त्यांनी खिसा आत घातला, आणि दोघं वहाळाच्या दिशेने जेवायला निघाले. आई दारातून ओरडली, "उन्हं व्हायच्या आत या!" आणि माझ्या वाडग्यात पेज ओतता ओतता म्हणाली, "तू खा गो आधी काहीतरी."